विश्लेषण : निदान चुकले किंवा उशिरा झाले, तर रुग्णाने दाद कुठे मागायची?

समजा, राधानगरी तालुक्यातील ४८ वर्षांचा एक शेतकरी सकाळच्या एसटीने कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उतरतो. छातीत जळजळ होते आहे, डावा हात जड पडला आहे, अंगाला घाम सुटला आहे. बसस्थानकापासून जवळ म्हणून तो शाहूपुरीतील एका दवाखान्यात जातो. ‘पित्त झाले आहे,’ असे सांगून त्याला इंजेक्शन आणि तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या जातात. तो गावी परततो. दुसऱ्या दिवशी पहाटे हृदयविकाराचा तीव्र झटका येतो. जीव वाचतो, पण हृदयाचा बराच भाग कायमचा निकामी होतो. आता शेतात राबणे त्याला जमणार नाही.

हे उदाहरण काल्पनिक आहे. त्यातून उभा राहणारा प्रश्न मात्र अनेक घरांनी अनुभवलेला आहे. रेल्वे स्टेशन आणि बसस्थानक लागून असल्याने शाहूपुरी परिसरात गगनबावड्यापासून निपाणीपर्यंतचे रुग्ण येतात. त्यांच्यापैकी एखाद्याचे निदान चुकले, तर नातेवाईक तीन गोष्टींपैकी एक करतात. नशिबाला दोष देऊन गप्प बसतात, दवाखान्यात जाऊन गोंधळ घालतात किंवा थेट पोलीस ठाणे गाठतात. या तिन्हींपेक्षा उपयोगी ठरणारे मार्ग कायद्यात आहेत. मात्र त्यांची मुदत आजारातून सावरेपर्यंत थांबत नाही.

निदान चुकणे हा गुन्हा आहे का?

केवळ निदान चुकले म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही. शरीर हे यंत्र नव्हे. एकच लक्षण दहा आजारांत दिसते. त्यामुळे न्यायालये ‘निदान बरोबर होते का’ एवढ्यावर थांबत नाहीत. ‘त्याच शाखेतील साधारण कौशल्याच्या डॉक्टरने त्या परिस्थितीत जे केले असते, ते इथे केले गेले का,’ असे ती विचारतात.

वरच्या उदाहरणात हा फरक स्पष्ट दिसतो. डॉक्टरने ईसीजी काढला, तो त्या वेळी सामान्य आला, त्याची नोंद केली आणि ‘त्रास वाढला तर लगेच या’ असे लिहून दिले असेल, तर तो चुकलेला अंदाज ठरू शकतो. सुरुवातीच्या तासांत ईसीजी सामान्य येणे शक्य असते. पण घाम, जड हात आणि छातीतील त्रास ऐकूनही ईसीजी काढलाच नाही आणि दुसरीकडे जाऊन काढून घ्या असेही सांगितले नाही, तर तो निष्काळजीपणा ठरण्याची शक्यता मोठी आहे. थोडक्यात, दाद मागताना ‘काय चुकले’ यापेक्षा ‘काय केले गेले नाही’ हा प्रश्न जास्त कामाचा असतो.

न्यायालयांनी आतापर्यंत काय म्हटले आहे?

या विषयातील एक जुना आणि महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातीलच आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यात उपचारासाठी नेले आणि त्याच दिवशी रात्री त्याचा मृत्यू झाला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला. ‘लक्ष्मण जोशी विरुद्ध त्रिंबक गोडबोले’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ३,००० रुपयांची भरपाई कायम ठेवली. रक्कम लहान होती, पण डॉक्टरची तीन कर्तव्ये तेव्हा स्पष्ट झाली : रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना आणि तो उपचार देताना काळजी घेणे.

निदानाशी थेट संबंध असलेला निकाल मुंबईतील आहे. जुलै १९९२ मध्ये एका ३५ वर्षांच्या गृहस्थाला ताप आला. डॉक्टरने आधी विषाणूजन्य ताप म्हणून आणि नंतर टायफॉइड म्हणून औषधे दिली. कारण काय, तर त्या भागात तेव्हा हे आजार पसरलेले होते. पुरेशा तपासण्यांनी खात्री न करताच उपचार सुरू झाले होते. प्रकृती ढासळल्यावर रुग्णाला हलवण्यात आले आणि १४ जुलैला मोठ्या रुग्णालयात पोहोचल्यावर काही तासांतच त्याचा मृत्यू झाला. डॉक्टरची नोंदणी होमिओपॅथीची होती आणि औषधे अ‍ॅलोपॅथीची होती. ‘पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, ज्या शाखेचे शिक्षण नाही त्या शाखेचे उपचार करणे हाच निष्काळजीपणा, असे ठरवून तीन लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. त्यानंतर २०१४ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलून, आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना मर्यादित परवानगी दिली. तो बदल वादग्रस्त ठरला. तरीही दवाखान्याच्या फलकावरील पदवी आणि नोंदणी क्रमांक वाचून ठेवणे आजही महत्त्वाचे आहे.

तिसरे प्रकरण हैदराबादचे. तापाने आजारी असलेल्या महिलेवर टायफॉइडचे उपचार झाले, प्रत्यक्षात मलेरिया होता. महिला दगावली. पतीकडे तज्ज्ञाचे मत नव्हते, म्हणून वरच्या आयोगांत तो हरला. २०१० मध्ये ‘व्ही. किशन राव’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा मंचाने दिलेली दोन लाखांची भरपाई पुन्हा कायम केली आणि सांगितले, की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत सक्तीचे नाही. कागदपत्रांवरूनच चूक उघड दिसत असेल, तर तेवढे पुरेसे आहे.

मग सर्वांत आधी काय करायचे?

कागद गोळा करायचे. केस पेपर, प्रिस्क्रिप्शन, लॅबचे रिपोर्ट, एक्स-रे आणि स्कॅनच्या फिल्म, डिस्चार्ज कार्ड, बिले, ऑनलाइन पैसे भरल्याच्या पावत्या. रुग्णाला आपल्या नोंदी मागण्याचा हक्क आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात आणि दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात. रुग्णालयाने कागदांच्या प्रती दिल्या पाहिजेत, असे मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये ‘रघुनाथ रहेजा’ प्रकरणात बजावले आहे.

मागणी तोंडी करू नये. लेखी अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घ्यावा. शिक्का देण्यास नकार मिळाला, तर अर्ज पोस्टाने रजिस्टर्ड पाठवावा. सरकारी रुग्णालय असेल, तर माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो. त्याचे उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे.

डॉक्टरांशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुसू नयेत. त्यांचा स्क्रीनशॉट घेतला तरी मूळ फोन जपून ठेवावा, कारण डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र द्यावे लागते. रुग्ण दगावला असेल आणि मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल, तर शवविच्छेदनाचा निर्णय अंत्यसंस्कारापूर्वीच घ्यावा लागतो. त्या दुःखात हे सुचणे कठीण असते. पण नंतर ती संधी उरत नाही.

ग्राहक आयोगात जाता येते का?

येते. बहुतेक रुग्णांसाठी हाच सर्वांत जवळचा मार्ग आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ निकालात स्पष्ट केले. बिल विमा कंपनीने किंवा मालकाने भरले असले, तरी रुग्ण ग्राहकच असतो. ज्या रुग्णालयात काहींकडून पैसे घेतले जातात आणि काहींवर मोफत उपचार होतात, तिथल्या मोफत रुग्णालाही हा हक्क आहे.

सध्या २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. इथे मागितलेली भरपाई पाहिली जात नाही, भरलेले बिल पाहिले जाते. त्यामुळे बहुतांश प्रकरणे जिल्ह्यातच राहतात. बिल पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावणे सक्तीचे नाही. ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. आणखी एक सोय म्हणजे रुग्ण जिथे राहतो तिथल्या आयोगातही तक्रार चालते. कोल्हापुरात उपचार घेतलेल्या सावंतवाडीच्या रुग्णाला सिंधुदुर्गात आणि निपाणीच्या रुग्णाला बेळगाव जिल्ह्यात दाद मागता येते.

कायद्याने तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा ठेवली आहे. प्रत्यक्षात वैद्यकीय प्रकरणे त्याहून कितीतरी लांबतात, हे धरूनच पाऊल टाकावे. निकाल मान्य नसेल, तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

दोन वर्षे कधीपासून मोजायची?

निदान उशिरा झालेल्या रुग्णांचे सर्वाधिक नुकसान इथे होते. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे. चूक तेव्हाच दिसली असेल, तर मुदत त्या दिवसापासून मोजली जाते. चूक लपलेली असेल, तर ती कळली त्या दिवसापासून. पण यात एक अट आहे : थोडी चौकशी केली असती तर ती आधीच कळली असती का?

गोव्यातील एका परिचारिकेला या अटीचा फटका बसला. १९९३ मध्ये मुंबईत तिच्यावर पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. पोटदुखी थांबली नाही. २००२ मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत पोटात राहिलेले कापसाचे गॉज सापडले. तिने २००४ मध्ये तक्रार केली. ‘व्ही. एन. श्रीखंडे’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती मुदतबाह्य ठरवली. स्वतः वैद्यकीय क्षेत्रात असून, सतत दुखत असूनही तिने नऊ वर्षे त्याचा छडा लावला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पोटात गॉज होते, तरीही हाती काही आले नाही.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. औषध घेऊनही त्रास थांबत नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत लगेच आणि लेखी घ्यावे. योग्य कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

सरकारी रुग्णालयात चूक झाली तर?

जिथे सर्वांवर पूर्णपणे मोफत उपचार होतात, तिथे ग्राहक कायदा लागू होत नाही. केस पेपरसाठी घेतलेल्या नाममात्र नोंदणी शुल्काने त्यात फरक पडत नाही. मात्र याचा अर्थ दाद नाही असा नव्हे. दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा लावता येतो आणि कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी सरकारवर येते.

याचे उदाहरणही महाराष्ट्रातीलच आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) सरकारी रुग्णालयात प्रसूतीनंतर एका महिलेवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोटात टॉवेल राहिला. ताप आणि वेदना सुरू झाल्या, पण कारण कळायला उशीर झाला आणि त्याच महिन्यात तिचा मृत्यू झाला. ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र शासन’ या प्रकरणात ३६,००० रुपयांच्या भरपाईवर सर्वोच्च न्यायालयाने अखेर १९९६ मध्ये शिक्कामोर्तब केले. न्याय मिळाला, पण ३३ वर्षांनी.

दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षे असते. मृत्यूबद्दल वारसांनी भरपाई मागितली, तर ती दोन वर्षे धरली जाते. म्हणून मार्ग कोणताही असो, दोन वर्षांच्या आत हालचाल करणे सुरक्षित. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक, दिव्यांग आणि अल्प उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. ग्राहक तक्रारीच्या माहितीसाठी १९१५ हा क्रमांक आहे.

पोलिसांत तक्रार करावी का?

करता येते, पण निदान चुकलेल्या बहुतेक प्रकरणांत तो पहिला मार्ग नव्हे. फौजदारी गुन्ह्यासाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो घोर असावा लागतो. ‘जेकब मॅथ्यू’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले, की डॉक्टरवर कारवाई करण्याआधी पोलिसांनी त्याच विषयातील निष्पक्ष डॉक्टरचे, शक्यतो सरकारी सेवेतील डॉक्टरचे मत घ्यावे. त्यामुळे शाहूपुरी पोलीस ठाण्यात अर्ज दिल्यावर लगेच अटक झाली नाही, तर पोलीस टाळाटाळ करत आहेत असे दरवेळी नसते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण या खटल्याचा मूळ उद्देश शिक्षा हा असतो. घर चालवायला लागणारी भरपाई ग्राहक आयोगात किंवा दिवाणी न्यायालयातच मागावी लागते.

दवाखान्याची तोडफोड तर कोणताच प्रश्न सोडवत नाही. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार हा अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई भरावी लागते. शिवाय एका दगडाने अन्याय झालेला रुग्ण बाजूला पडतो आणि त्याचे नातेवाईक आरोपी होतात.

वैद्यक परिषद काय करू शकते?

महाराष्ट्र वैद्यक परिषद एमबीबीएस आणि त्यापुढील अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी ऐकते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी वेगळ्या परिषदा आहेत. परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते किंवा नोंदणी काही काळ वा कायमची रद्द करू शकते. ती भरपाई देत नाही. मात्र ‘दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असे होऊ नये’ एवढीच भावना असेल, तर हा मार्ग योग्य ठरतो. ग्राहक आयोगातील तक्रारीसोबतही तो चालवता येतो.

मग घोडे अडते कुठे?

दोन ठिकाणी. पहिले म्हणजे उशिरामुळेच नुकसान झाले, हे सिद्ध करणे. दवाखान्याकडून ठरलेले उत्तर येते : ‘आधी कळले असते, तरी हेच झाले असते.’ कर्करोगासारख्या आजारात हा वाद फार अवघड होतो. म्हणून पहिल्या भेटीत आजार कोणत्या टप्प्यावर होता आणि निदान झाले तेव्हा कोणत्या टप्प्यावर, हे दाखवणारे रिपोर्ट मोलाचे ठरतात.

दुसरे म्हणजे पुरावा समोरच्याच्या कपाटात असतो. ईसीजी काढला होता का, रुग्णाने कोणती लक्षणे सांगितली होती, ‘पुन्हा या’ असे कुणी लिहिले होते का, हे सगळे दवाखान्याच्या कागदात. आपल्या उदाहरणातील शेतकऱ्याच्या हाती औषधांची नावे लिहिलेली एक चिठ्ठी तेवढी आहे. बाह्यरुग्ण विभागात अनेकदा तेवढीच मिळते. जो हक्क बजावायला कागद लागतो आणि कागद मागितल्याशिवाय मिळत नाही, तो हक्क मागायचा कसा हे ठाऊक असलेल्यांपुरताच उरतो.

काय बदलायला हवे?

डॉक्टरांची बाजूही खोटी नाही. दिवसाला शंभर रुग्ण पाहणारा डॉक्टर प्रत्येक जळजळीमागे झटका शोधू लागला, तर तपासण्यांचा खर्च रुग्णाच्याच खिशातून जाईल. प्रत्येक चुकलेल्या निदानासाठी डॉक्टरला कोर्टात खेचणे हा उपाय नव्हे. पण नीट नोंद ठेवणे ही दोघांच्याही भल्याची गोष्ट आहे. ज्याने ईसीजी काढला त्याला नोंद वाचवते, ज्याच्यासाठी काढला नाही त्यालाही तीच वाचवते.

म्हणून रुग्णाने अर्ज करावा, मग ७२ तास थांबावे, ही पद्धत उलटी व्हायला हवी. लक्षणे, केलेल्या तपासण्या, संभाव्य निदान आणि ‘कधी परत यावे’ या चार ओळी बाह्यरुग्णालाही प्रत्येक भेटीत मिळाल्या पाहिजेत. दाखल रुग्णाला घरी जाताना संपूर्ण फाइलची प्रत न मागता दिली पाहिजे. आज लहान दवाखान्यांतही संगणक आहे आणि रुग्णाच्या घरात स्मार्टफोन आहे. हे तंत्रज्ञानामुळे अडलेले नाही. खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचे नियम राज्याने २०२१ मध्ये सुधारले आणि त्यात रुग्ण हक्कांची सनद आणली. त्याच नियमांत ही अट घालता येईल.

ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झाले आहे. न्यायासाठी मुंबईला जाण्याचे अंतर त्यामुळे कमी झाले. रुग्ण आणि त्याच्याच फाइलमधील अंतर अजून तसेच आहे. ते कमी होईपर्यंत दवाखान्यातून निघताना प्रत्येकाने तीन प्रश्न विचारायला हरकत नाही : हे दुसरे काही असू शकते का? त्यासाठी कोणती तपासणी लागते? आणि हे सगळे कागदावर लिहून द्याल का?